बालगंधर्वांचे देणे



दिवाळी सरली, भाऊबीज आटोपली, की आपल्या चौरास भागात मंडईचे वेध लागतात. आसगाव काय, पवनी काय, आसपासची लहानमोठी खेडी काय, सर्वत्र एकच उत्साह असतो. दिवसा मंडई भरते आणि रात्री मांडवात नाटक उभे राहते. वडशाकडून आलेल्या नाटकमंडळ्या पहाटेपर्यंत खेळ करितात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला आमच्या वर्गातील निम्मी मुले डुलक्या घेत बसलेली आढळतात. ती कोठून आली आहेत हे शिक्षकास विचारावे लागत नाही.

अशाच एका मोसमात एक पालक मजकडे आले. त्यांच्या मुलाचा गळा गोड आहे. त्याच्या मनाने नाटकात जाण्याचे घेतले आहे. त्यास जाऊ द्यावे की न द्यावे, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांस तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. होय म्हणावे, तर त्या धंद्यातील विपत्ती डोळ्यांपुढे येत. नाही म्हणावे, तर परमेश्वराने दिलेल्या देणगीस मातीत पुरण्याचा सल्ला दिल्यासारखे होई. त्या प्रश्नाचा विचार करीत असता महाराष्ट्रातील एका थोर नटाचे चरित्र मनात घोळू लागले. तेच येथे सांगण्याचे योजिले आहे. त्या नटाचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. जग त्यांस बालगंधर्व या नावाने ओळखते.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंसांचे घराणे कृष्णाकाठच्या नागठाणे गावचे. वडील श्रीपादराव, आई अन्नपूर्णाबाई. घरची स्थिती बेताची असली, तरी घरात संगीताची आवड होती. लहानग्या नारायणाचा आवाज उपजतच असा मधुर होता, की ऐकणाऱ्याने हातातले काम खाली ठेवावे. दहा वर्षांचा असताना त्यास पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे गाण्याचा योग आला. लोकमान्य हे काही सहज कोणाची स्तुती करणारे गृहस्थ नव्हते. परंतु त्यांनीही त्या मुलास बालगंधर्व म्हणून गौरविले, आणि तेव्हापासून ते नाव त्यांस चिकटले ते आजन्म. ऐंशीच्या घरात आलेल्या वृद्धासही लोक बालगंधर्वच म्हणत राहिले.

शिक्षणासाठी नारायणाचे काही दिवस जळगावी नातलगांकडे गेले. तेथे मेहबूब खाँ नावाच्या उस्तादांजवळ गाण्याचा पाया घातला गेला. शाळेतील पुस्तकांत मात्र त्याचे मन कधी रमले नाही. पुढे हा मुलगा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दृष्टीस पडला. त्यास कानाचे दुखणे होते. गायकाचा कान अधू असणे म्हणजे चित्रकाराची दृष्टी मंद असण्यासारखेच. महाराजांनी त्यास उपचारासाठी मिरजेस पाठविले. ज्याच्या गाण्याने पुढे सारा महाराष्ट्र वेडा व्हावयाचा होता, त्याच्या कानाची काळजी वेळीच वाहणारा मनुष्य त्यास भेटला, हे केवढे भाग्य! मुलाच्या अंगचा गुण ओळखणे हे एक काम, आणि त्या गुणाच्या आड येणारी व्याधी दूर करणे हे दुसरे. महाराजांनी दोन्ही केली.

त्या काळची मराठी रंगभूमी कशी होती, हे आजच्या मुलांस थोडे समजावून सांगितले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकास मोठे वळण दिले. कुलीन घरातील स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल ठेवणे तेव्हा समाजास मान्य नव्हते. म्हणून शकुंतलेचे, सुभद्रेचे काम पुरुषांनीच करावयाचे. ही चाल आपल्याच देशातील होती असे नव्हे. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडातही स्त्रियांची कामे मुलगेच करीत असत. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर हे स्त्रीभूमिका करणारे अलौकिक गायक नट होते. १९०१ साली त्यांचे निधन झाले आणि मंडळीचा प्राणच गेल्यासारखे झाले. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न चार वर्षे सुटेना. १९०५ साली मिरज मुक्कामी सतरा वर्षांचे नारायणराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि तो प्रश्न सुटला.

केवळ गळा गोड असून नट होता येत नाही. नारायणरावांस उभे कसे राहावे, पदर कसा सावरावा, वाक्यातील कोणत्या शब्दावर थांबावे, हे सर्व शिकावे लागले. त्यांस घडविण्यात 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचा मोठा हात होता. देवल हे नाटककार जेवढे मोठे, तेवढेच नाट्यशिक्षक म्हणून करडे. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या नारायणरावांच्या अभिनयात कोठेही आक्रस्ताळेपणा नसे. स्त्रीवेषातील पुरुष बहुधा चाळे करून हशा पिकवितो. यांनी तसे कधी केले नाही. त्यांची शकुंतला, सुभद्रा किंवा वसंतसेना पाहणाऱ्यास आपण एका कुलवती स्त्रीच्या सन्मुख आहोत असेच वाटे. प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया त्यांच्यासारखे पातळ नेसू लागल्या, त्यांच्यासारखा केसांत गजरा माळू लागल्या. पुरुषाने स्त्रीचे अनुकरण करावे आणि पुढे स्त्रियांनीच त्याचे अनुकरण करावे, हा चमत्कार महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिला.

१२ मार्च १९११ हा दिवस त्यांच्या आयुष्यात कसोटीचा ठरला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' हे नाटक त्या दिवशी मुंबईस प्रथम व्हावयाचे होते. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या होत्या, आणि भामिनीची भूमिका नारायणरावांची होती. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी मरण पावली. अशा वेळी खेळ पुढे ढकलला असता, तर एकाही मनुष्याने दोष दिला नसता. परंतु प्रेक्षकांस दिलेला शब्द मोडावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. घरी एवढे दुःख ठेवून ते रंगमंदिरात गेले, भामिनीचा वेष चढविला आणि गायिले. त्या रात्रीच्या प्रेक्षकांना आनंद मिळाला. त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यांतील कितीकांस ठाऊक असेल?

या प्रसंगाविषयी वाचकांत दोन मते होणे स्वाभाविक आहे. मला स्वतःला तो वाचताना आदराबरोबर वेदनाही होते. पित्याने त्या रात्री घरी, पत्नीजवळ असावयास हवे होते, असे एक मन म्हणते. १९०७ साली विवाह होऊन या घरात आलेल्या लक्ष्मीबाईंच्या त्या रात्रीविषयी कोणी काही लिहिले नाही. थोर पुरुषांच्या चरित्रात त्यांच्या घरच्या माणसांनी दिलेल्या देणग्या बहुधा नोंदल्याच जात नाहीत. त्या दांपत्याची पुढेही काही मुले अकाली गेली, हे येथे सांगून ठेवतो.

'मानापमान'च्या यशानंतर मंडळीत मतभेद झाले. नानासाहेब जोगळेकर हे मंडळीचे एक आधारस्तंभ त्याच वर्षी निवर्तले होते. अखेर नारायणराव, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि ५ जुलै १९१३ रोजी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मंडळीस लाभला. पुढील काही वर्षे हा मराठी संगीत नाटकाचा वैभवकाल होय. १९१६ साली देवलांचे 'संशयकल्लोळ' व खाडिलकरांचे 'स्वयंवर' ही नाटके मंडळीने रंगभूमीवर आणिली. 'स्वयंवर'च्या चाली गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या. बड्या उस्तादांच्या बैठकीत जे ऐकावयास मिळे, ते आता चार आण्यांच्या पिटात बसलेल्या कारकुनास व विद्यार्थ्यासही ऐकावयास मिळू लागले. रागदारी ही राजवाड्यातून सामान्यांच्या ओठांवर आली, ती मुख्यतः या नाटकांच्या द्वारे. ध्वनिवर्धक यंत्र तेव्हा नव्हते; शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द न् शब्द पोहोचवावयाचा तो केवळ छातीच्या बळावर व स्पष्ट उच्चाराच्या जोरावर. त्यांच्या साथीस तबल्यावर अहमदजान थिरकवाँ व सारंगीवर कादरबक्ष असे कलावंत असत. नाटकाच्या साथीस एवढे थोर वादक बसविणे कोणास सुचले असते? आणि परवडले तरी कोणास असते?

या वैभवकालातील एका नाटकाचा आपल्या वैदर्भीयांशी जवळचा संबंध आहे. राम गणेश गडकरी हे क्षयाने आजारी होऊन नागपूरजवळील सावनेर येथे आले, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच त्यांनी देह ठेविला. मृत्यूपूर्वी त्यांनी 'एकच प्याला' हे नाटक लिहून पुरे केले होते. पदे मात्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांस रचावी लागली. लेखकाच्या निधनास एक महिनाही लोटला नव्हता, तो २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास गंधर्व मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. दारूने एका सुशिक्षित, बुद्धिमान गृहस्थाच्या संसाराची धूळधाण कशी होते, हे त्यात दाखविले आहे. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि नारायणराव त्याची पत्नी सिंधू.

येथे त्यांच्या कलेची खरी परीक्षा होती. भरजरी शालू, उंची अत्तर, झगमगते अलंकार यांत लोकांनी ज्यांस सदैव पाहिले, ते बालगंधर्व ठिगळे लावलेले जुनेर नेसून, जात्यावर दळण दळणारी दरिद्री सिंधू होऊन पुढे आले. ज्या रूपावर त्यांची कीर्ती उभी होती असे लोक समजत, ते रूप त्यांनी हाताने पुसून टाकिले. आणि काय झाले? लोकांनी त्यांस अधिकच डोक्यावर घेतले. बालगंधर्वांचे मोठेपण शालूत नव्हते, हे त्या जुनेराने सिद्ध केले. दारूबंदीवरील शंभर व्याख्यानांनी जे होत नाही, ते त्या एका भूमिकेने कित्येक घरांत केले असेल, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता या चरित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कारण ती लपविली तर हे चरित्र मुलांच्या उपयोगाचे राहणार नाही. आपल्या भाषेत देणे हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. परमेश्वराने दिलेले तेही देणे, आणि सावकाराचे फेडावयाचे तेही देणे. नारायणरावांच्या आयुष्यात ही दोन्ही देणी शेवटपर्यंत हातात हात घालून चालली.

त्यांच्या ठायी औदार्य होते, परंतु हिशेब नव्हता. प्रेक्षकांस उत्तम तेच द्यावयाचे, हा त्यांचा बाणा. रंगभूमीवर खोटे जरीकाम त्यांस खपत नसे. वस्त्रे खरी, अत्तर खरे. मंडळीच्या पंक्तीस पाहुणेरावळे नित्याचे. आला गेला कोणी उपाशी परतावयाचा नाही. १९२० साली 'द्रौपदी' नाटकाच्या देखाव्यांवर व पोशाखांवर अतोनात पैसा ओतला गेला. जमाखर्चाच्या वह्या दुसऱ्यांच्या हाती होत्या आणि मालकाने त्या कधी उघडून पाहिल्या नाहीत. बोडस व टेंबे हे भागीदार एव्हाना मंडळीतून बाहेर पडले होते. १९२१ च्या सुमारास डोळे उघडले, तेव्हा कर्जाचा आकडा लाखांत गेलेला होता. त्या काळच्या लाखाची कल्पना आज येणार नाही. शाळामास्तरास तेव्हा महिन्याकाठी पंचवीस-तीस रुपये मिळाले तरी तो स्वतःस सुखी समजे.

कायद्याने नादारीचा मार्ग मोकळा होता. नादारी घेतली असती, तर सावकार हात चोळीत बसले असते. नारायणरावांनी तो मार्ग धरिला नाही. घेतलेले देणे फेडावयाचे, असा निश्चय करून त्यांनी स्वतःस कामास जुंपून घेतले. गावोगाव, रात्रीमागून रात्री, नाटकामागून नाटक असे प्रयोग चालले. तिजोरीत येणारा पैसा परस्पर सावकारांकडे जाऊ लागला. लोक वन्समोअरचा गजर करीत आणि ते पुन्हा पुन्हा गात. टाळ्या वाजविणाऱ्यांस ठाऊक नसे, की समोर गाणारी ही सुभद्रा प्रत्येक पदागणिक एकेक रुपया फेडीत आहे. अशी वर्षेच्या वर्षे गेली आणि अखेर ते ऋण फिटले.

त्याच १९२१ सालातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लोकमान्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै रोजी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले. ललितकलादर्श मंडळीचे चालक केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि नारायणराव भामिनी. हे दोघे त्या काळचे प्रतिस्पर्धी. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. परंतु राष्ट्रकार्याची हाक आली, तेव्हा दोघेही आपापले मानापमान बाजूस ठेवून एका रंगभूमीवर उभे राहिले. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, त्यांनी त्या रात्रीचे उत्पन्न देशास देऊन टाकिले. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी परलोकवासी झाले. तो योग त्या दिवशी साधला नसता, तर पुन्हा कधीच साधला नसता.

काळ कोणासाठी थांबत नाही. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट निघाला, आणि १९३२ साली प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलू लागलेला पडदा लोकांसमोर आणिला. नाटकगृहांची एकामागून एक चित्रपटगृहे झाली. इकडे १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून स्त्रियांची कामे स्त्रियांकडून करविली. पुरुषांनी स्त्री व्हावयाचे दिवस सरत आले होते. नारायणराव पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. 'कान्होपात्रा'सारख्या नाटकांतून त्यांचे भजन ऐकावयास लोक अजून येत. पण मंडळी पुन्हा कर्जात बुडाली होती. १९३४ अखेर गंधर्व नाटक मंडळी बंद करण्याची पाळी आली.

कर्जातून सुटण्याचा एक मार्ग पुढे दिसत होता, तो बोलपटाचा. पुण्यास प्रभात कंपनीशी करार झाला, आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३५ साली 'धर्मात्मा' हा चित्रपट निघाला. त्याचे नाव प्रथम 'महात्मा' असे ठेविले होते. परंतु त्या नावाने गांधीजींचे स्मरण होते, म्हणून सरकारी परीक्षकांनी हरकत घेतली व नाव बदलावे लागले. नारायणराव त्यात संत एकनाथ झाले. आयुष्यभर स्त्रीवेषात वावरलेल्या नटाने पडद्यावर प्रथम पाऊल टाकिले ते दाढीमिशांच्या आड नव्हे, तर एका शांत, क्षमाशील संतपुरुषाच्या रूपाने. अस्पृश्य गणलेल्या भक्ताच्या घरी जेवावयास जाणाऱ्या आणि त्यासाठी पैठणच्या ब्राह्मणांचा रोष पत्करणाऱ्या एकनाथांची ती कथा. अस्पृश्यतेचा प्रश्न तेव्हा देशभर पेटलेला असताना असा विषय निवडणे, ही साधी गोष्ट नव्हती.

चित्रपट चांगला निघाला, तरी नारायणराव तेथे रमले नाहीत. नाटकात एका पदास दहा वेळा वन्समोअर मिळे. येथे त्याच वाक्यास दहा वेळा पुन्हा करा असा हुकूम मिळे. तेथे हजार डोळे समोर असत आणि त्यांतील पाणी नटास दिसे. येथे समोर एक यंत्र. प्रेक्षकांस ते दैवत मानीत. देऊळ आहे, दिवे आहेत, पण मूर्ती नाही, अशी त्यांची चित्रगृहात अवस्था झाली असावी. करार अधिक चित्रपटांचा होता. परंतु ते मध्येच सोडून पुन्हा रंगभूमीकडे वळले. १९३७ साली बाबुराव पेंटर यांनी त्यांचे मीराबाईवरील नाटक 'साध्वी मीराबाई' या नावाने पडद्यावर आणिले. त्यात एकोणपन्नाशीच्या घरातील नारायणराव मीरा झाले. रंगभूमीवरील दिव्यांच्या अंतरात जे वय दिसत नाही, ते कॅमेऱ्याने निर्दयपणे दाखविले. त्या चित्रपटास यश आले नाही.

त्यांच्या उत्तरायुष्यातील कहाणी कष्टाची आहे. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी या गायिका मंडळीत आल्या. त्यांनी बालगंधर्वांचे गाणे एकलव्याच्या निष्ठेने आत्मसात केले होते. पुढे नाटकांतील स्त्रीभूमिका त्या करू लागल्या. १९४० साली लक्ष्मीबाई वारल्या. गोहरबाईंच्या आगमनाने जवळची माणसे दुरावली. जातिधर्माच्या नावाने लोकांनी फार बोल लावले. १९५१ साली उभयतांनी विवाह केला. या गोष्टीचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगावेसे वाटते, की वैभवाच्या काळात पंगतीस बसणारे पुष्कळ होते. पाय अधू झाले, उभे राहण्याची शक्ती गेली, उत्पन्न आटले, तेव्हा सेवेस उरल्या त्या गोहरबाई. त्यांचे १९६४ साली निधन झाले.

पाय गेले तरी गाणे राहिले होते. बसून भजने गावयाची, आणि त्यावर चरितार्थ चालवावयाचा, असे दिवस आले. ज्यांच्या नाटकास जागा मिळाली नाही म्हणून लोक तळमळत परत जात, ते आता थोड्याशा श्रोत्यांपुढे चादरीवर बसून गात. तरीही त्यांच्या तोंडी कडवटपणाचा शब्द नसे. लहान असो की थोर, ते प्रत्येकास देवा म्हणूनच हाक मारीत. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ साली पद्मभूषण ही पदवी त्यांस मिळाली. मान मिळाला, पण तो उशिरा मिळाला.

८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यास मुठेच्या काठी एका भव्य नाट्यगृहाची कोनशिला बसविण्यात आली. त्या नाट्यगृहास त्यांचेच नाव द्यावयाचे होते आणि कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. जन्मभर भाड्याच्या थिएटरांतून गायिलेल्या त्या वृद्ध नटाने आपल्या नावाच्या वास्तूचा पाया घातला. परंतु ती पुरी झालेली पाहणे त्यांच्या दैवी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यातच त्यांनी इहलोकाचा निरोप घेतला. त्यानंतर वर्ष पुरे होण्यापूर्वी, २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. मुलास नाटकात जाऊ द्यावे काय? हे चरित्र लिहिता लिहिता मला जे उत्तर सुचले ते असे. गळा ही परमेश्वराची देणगी आहे; ती जमिनीत पुरून ठेवण्यासाठी दिलेली नाही. तेव्हा मुलास अडवू नये. परंतु त्यास रिकाम्या हाती पाठवूही नये. गळ्याबरोबर गुरू हवा, जसे नारायणरावांस देवल व भास्करबुवा लाभले. आणि दोहोंबरोबर पाटी-पेन्सिल हवी. जमा किती, खर्च किती, हे रोजच्या रोज लिहिण्याची सवय हवी. बालगंधर्वांस देवाने सर्व काही दिले. ही एक सवय मात्र त्यांनी कधी लावून घेतली नाही, आणि तिच्या अभावी त्यांचे अर्धे आयुष्य सावकारांच्या वह्यांत गेले. आमच्या गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या गायकांनी याचा अवश्य विचार करावा.

मुलांनो, त्यांच्यापासून तुम्ही शिकावयाचे ते मात्र याहूनही मोठे आहे. चूक त्यांच्याकडून झाली. पण तिचा भार त्यांनी दुसऱ्याच्या डोक्यावर टाकिला नाही. मार्ग असतानाही ते पळाले नाहीत. शब्द दिला तो पाळला, पैसा घेतला तो फेडिला, आणि ज्या लोकांनी आपणांस मोठे केले त्यांस शेवटच्या भजनापर्यंत उत्तमच दिले. कर्जदार पुष्कळ असतात. परंतु आयुष्याच्या अखेरीस हिशेब मांडला असता सारा महाराष्ट्रच ज्याचा ऋणी निघतो, असा कर्जदार विरळा. यंदा मंडईच्या रात्री मांडवात बसाल, आणि एखादा गावचा नट जीव ओतून गाऊ लागेल, तेव्हा टाळी वाजविण्यापूर्वी क्षणभर या नारायणरावांचे स्मरण करा. आणि दुसऱ्या दिवशी शाळेस मात्र वेळेवर या.